घर फिरलं की…

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात अर्थातच नशीब होतं. माणसाचे दिवस पालटले की ज्यांच्या जिवावर छप्पर उभं, तेच पाठ फिरवतात, असा त्याचा गर्भितार्थ. पण पुढेमागे माणूस खरोखरच घराला चाकं लावील, ते ताशी शंभर किलोमीटरने पळवील आणि त्या पळापळीत वासे, फळ्या, खिडक्या, कपाटं ही सगळी मंडळी खरोखरच जागच्या जागी फिरतील, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. वासे फिरले की सांधे उघडतात. सांधे उघडले की पाणी आत येतं. म्हणजे म्हण अपुरीच राहिली म्हणायची.

इतिहासाच्या पुस्तकांचंही तसंच आहे. कोणता वाडा कोणी बांधला, केव्हा बांधला, कोणी लुटला, हे सगळं त्यात असतं. तो कुठे गळत होता, हे कुठेच नसतं. वास्तविक मालकाच्या आयुष्यातला निम्मा वेळ लढायांपेक्षा गळतीत गेला असणार. म्हणून मी ठरवलं, की निदान एका प्रकारच्या घराचा इतिहास तरी गळतीच्या बाजूने लिहायचा. हे घर म्हणजे अमेरिकेतलं मोटारहोम, आणि त्यातल्या त्यात त्याची ती बाहेर सरकणारी खोली. बँकेत काउंटरमागे बसणाऱ्या माणसाचा आणि मोटारहोमचा संबंध काय, असं कोणी विचारील. संबंध आमच्या चुलतभावामुळे आला. तो पुढे येईलच. इतिहासात माणसांनी आपापल्या क्रमाने यावं.

तर सुरुवात अमेरिकेत नाही, इंग्लंडात. घोड्याच्या गाडीत संसार मांडून गावोगाव हिंडणारे रोमा लोक युरोपात पूर्वीपासून होते. पण ते पोटासाठी हिंडत. केवळ हौसेखातर घर गाडीवर चढवणारा पहिला माणूस म्हणून डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. हे गृहस्थ स्कॉटिश. आरमारात डॉक्टर होते, नंतर मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका गाडी कारखान्याकडून एक लाकडी घर बांधून घेतलं, त्याला चाकं लावली, पुढे दोन घोडे जोडले आणि नाव ठेवलं ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या. त्यात ते दक्षिण इंग्लंडातून निघून थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक भलंमोठं कुत्रं आणि एक काकाकुवा. नोकराचं काम मोठं मजेदार होतं. तीनचाकी सायकलवर बसून त्याने पुढे जायचं आणि अरुंद रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांना सांगायचं की, बाबांनो बाजूला व्हा, मागून घर येतंय.

पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी या प्रवासावर पुस्तक लिहिलं. ती गाडी इंग्लंडात अजून जतन करून ठेवलेली आहे. मला तिच्यात सर्वांत आवडतं ते हे, की ती एक सरळ साधी पेटी आहे. दोन माणसांच्या मध्ये जेवढी जागा असायला हवी तेवढीच आहे, आणि पाय लांब करायचे झाले तर दार उघडून खाली उतरायचं. सुखाची ही व्याख्या टिकली असती तर पुढचा इतिहास कोरडा राहिला असता.

पण तो अमेरिकेत गेला. तिथे मोटार आली आणि पाठोपाठ मोटारीतच झोपता आलं तर बरं, हा विचार आला. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने एक गाडी मांडली. तिची मागची बैठक उलगडली की पलंग होई, ड्रायव्हरच्या पाठीमागून हात धुण्याचं बेसिन खाली येई, बैठकीखाली शौचाची सोय होती आणि मालकाला ड्रायव्हरशी बोलण्यासाठी टेलिफोन होता. पाठीशी बसून फोनवर बोलायचं, हे आज आपल्या घरोघरी चालतं. तेव्हा ती श्रीमंती होती.

ज्यांच्याकडे श्रीमंती नव्हती त्यांनी १९१९ साली फ्लॉरिडातल्या टँपा गावच्या एका बागेत आपली संघटना काढली. नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. फोर्डच्या साध्या गाड्या, बाजूला ताणलेले तंबू आणि डब्यातलं अन्न. रेडिएटरच्या टोपणाला डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. ह्या मंडळींची गळती कापडाची होती, आणि कापडाच्या गळतीचा नियम ज्याने पावसात तंबू ठोकला त्या प्रत्येकाला माहीत आहे: आतून बोट लावायचं नाही. ओल्या कापडाला जिथे बोट लागलं तिथून थेंब सुरू. नियम सोपा होता. पाणी बाहेर, बोट आत, आणि दोघांनी एकमेकांची चौकशी करायची नाही.

पुढे कापड जाऊन पत्रा आला. १९३४च्या सुमारास हॉली बोलस नावाच्या माणसाने ॲल्युमिनियमचं चकचकीत चाकांचं घर बनवलं. १९२७ साली लिंडबर्ग ज्या विमानातून एकटा अटलांटिक ओलांडून गेला, त्या विमानाच्या बांधणीवर हेच बोलस देखरेखीला होते. विमान बांधणाऱ्याने घर बांधलं, ते विमानासारखंच दिसणार! मग १९३६ साली वॉली बायम यांनी त्याच वळणावर एअरस्ट्रीमचं ‘क्लिपर’ आणलं. रूप देखणं, पाठ गोल, त्यामुळे पाणी ठरायला जागा नाही. पण ॲल्युमिनियमचे पत्रे जोडायचे म्हणजे रिव्हेट मारायचे, आणि रिव्हेट म्हटलं की त्याच्याआधी भोक आलं. एका घराला अशी शेकडो भोकं पाडायची आणि मग एकेक बंद करायचं. आपल्याकडे कर्ज काढून कर्ज फेडतात, त्यातलाच हा प्रकार.

ही घरं मोटारीने ओढायची होती. मोटार आणि घर एकाच अंगाचं करायचं काम मिशिगनमधल्या रे फ्रँक यांनी केलं. १९५८ साली त्यांनी आपल्या कुटुंबासाठी एक गाडी बांधली. लोकांनी पाहिली, मागणी आली, आणि ‘मोटर होम’ हे नाव त्यांच्यामुळे रूढ झालं. मग १९६६ साली आयोवातल्या फॉरेस्ट सिटी ह्या लहानशा गावात विनेबॅगो कंपनीने साखळी पद्धतीने, म्हणजे मोटारींसारखीच, मोटारहोम काढायला सुरुवात केली. तिच्यामागचे जॉन हॅन्सन हे फर्निचरचं दुकान आणि त्याच जोडीला अंत्यसंस्कारांची व्यवस्था, असा घरचा व्यवसाय चालवणारे. म्हणजे माणसाच्या राहत्या जागेची सोय आणि शेवटच्या जागेची सोय, दोन्ही त्यांच्याकडे होत्या. मधली, हिंडती जागा तेवढी राहिली होती, ती त्यांनी पुरी केली.

१९७३च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल अडवलं आणि ह्या गजराजांचा खुराक महागला. धंदा पार बसला. पण मेला नाही. पुढे पेट्रोल आलं, हौसही आली. फक्त एक गोष्ट येईना, ती म्हणजे रुंदी.

इथे आपण इतिहासाच्या ऐन गाभ्याशी आलो. घर लांब हवं तेवढं करा, रस्ता रुंदी देत नाही. अमेरिकेत वाहनाची रुंदी बराच काळ आठ फूट असायची. १९८२च्या कायद्याने मोठ्या रस्त्यांवरच्या ट्रकांना साडेआठ फुटांची मुभा मिळाली, आणि मोटारहोमही हळूहळू त्याच मापावर आली. साडेआठ फुटांतून दोन भिंती वजा करा, सोफा वजा करा, समोरचा ओटा वजा करा. शिल्लक राहते ती नवरा-बायकोने एकमेकांना ‘तू आधी जा’ म्हणण्यापुरती जागा. पाऊण तास ‘तू आधी जा’ चालू शकतं. तीन महिने नाही.

ह्यावर तोडगा काढला इंडियाना राज्यातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने. १९९० साली तिने मोटारहोमला ‘स्लाइड-आउट’ बसवलं. कल्पना काडेपेटीची. काडेपेटीचा आतला खण जसा बाहेर सरकतो, तसा भिंतीतला सोफ्यासकटचा भाग मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबून बाहेर ढकलायचा. निघताना बटण दाबून आत घ्यायचा. रस्त्यावर रुंदी साडेआठ फूट, मुक्कामाला एका बाजूने दोन-तीन फूट जास्त. कल्पना अगदीच कोरी नव्हती. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या ट्रेलरघरांना बाहेर निघणाऱ्या खोल्या असत. पण ती घरं एकदा एका जागी टेकली की सहसा हलत नसत. इथे खोली रोज उघडायची, रोज मिटायची आणि मधल्या वेळात खड्ड्यांतून आदळत न्यायची.

ह्या नॅपनीच्या परिसरात आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. हे लोक धर्माच्या आज्ञेने स्वतःची मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. आणि तिथल्या मोटारहोमच्या कारखान्यांत कामाला असतात ते पुष्कळसे हेच लोक, कारण सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. सकाळी बग्गीतून यायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या चाकांवरच्या बंगल्याला सरकती खोली बसवायची आणि संध्याकाळी बग्गीतून घरी जायचं, ते घरही मुकाट्याने एका जागी उभं असलेलं. कोणाचं बरोबर ह्यावर मी बोलणार नाही. मी फक्त गळतीवर बोलणार आहे.

आता ही खोली गळते का, हा प्रश्न नाही. ती न गळता राहते कशी, हे नवल आहे. भिंतीला दारापेक्षाही मोठं भोक पाडलंय. त्या भोकातून सोफा, कपाटं आणि त्यावर बसलेली माणसं, असा शेकडो किलोंचा खोका ये-जा करतोय. तो मोकळा सरकावा म्हणून भोवती फट हवी, आणि पाणी येऊ नये म्हणून फट नको. ह्या दोन मागण्यांची तडजोड म्हणजे रबर. काही पट्ट्या जिभेसारख्या खोक्याच्या अंगाला घासत पाणी पुसून काढतात. काही पोकळ, नळीसारख्या असतात, त्या खोका पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत गेला की दाबल्या जाऊन फट बुजवतात. रबर नवं असतं तोवर छान. उन्हाने ते वाळतं, तडकतं. वर्षानुवर्षं दाबलेलं रबर चपटं होऊन तसंच राहतं, सरकारी नोकरीतल्या माणसासारखं. त्यातून चार कोपरे. दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे जबाबदारी कोणाची, हा वाद पट्ट्यांमध्येही असतोच. खोका जरासा तिरका झाला, एक बाजू पाव इंच मागे राहिली, की तिथलं रबर टेकतच नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे ह्या खोलीला वळचण नाही. कोकणातल्या कुठल्याही घराकडे बघा. भिंतीच्या पुढे हात-दोन हात छप्पर आलेलं असतं, त्याच्या टोकावरून पागोळ्या गळतात, त्या थेट अंगणात. भिंतीला पाणी भेटतच नाही. हे शहाणपण कोणा इंजिनिअराने सांगितलेलं नाही. पावसाने सांगितलेलं आहे. सरकत्या खोलीचं छप्पर मात्र सपाट. त्यावर पाणी साचतं, झाडाखाली गाडी उभी असली तर पाला साचतो, आणि खोली आत घेताना हा सगळा मळा वरच्या वर घरात येतो. म्हणून आत घेण्यापूर्वी शिडी लावून वरचा पाला झाडायचा, हा तिथला नित्यनेम आहे. अखेर ह्यावरही उपाय निघाला: खोली बाहेर निघाली की तिच्या डोक्यावर आपोआप उलगडणारं कापडी छत. म्हणजे शेवटी वळचणच आली; फक्त ती स्क्रूने बसवून आली. हा स्क्रू वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता आमचा चुलतभाऊ. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो ओहायोत पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला, मुलं मार्गी लागली, आणि मग दादाने आणि वहिनींनी राहतं घर विकून एक दहा वर्षं वापरलेलं मोटारहोम घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात. ह्यांनी ते विकून पाहिलं. जे काही होतं ते त्या गाडीत. दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात एके दिवशी वहिनींनी सोफ्याखालच्या खणातून पापडांचा डबा काढला आणि पापड सादळलेले निघाले.

दादा म्हणाला, “अगं, जुने असतील.” वहिनी म्हणाल्या, “जुने पापड मोडतात, सादळत नाहीत.” हा युक्तिवाद बिनतोड होता. सोफा हलवला. मागच्या कोपऱ्यात जमिनीच्या फळीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो चहात बुडवलेल्या खारीत जावा तसा आत गेला.

तिथल्या एका कारागिराने येऊन पाहिलं आणि सरकत्या खोलीचं चारही बाजूंचं रबर बदलावं लागेल असं सांगून चार आकडी डॉलरांचा अंदाज दिला. पैशांपेक्षा दादाला दुसरीच धास्ती. फळी कुजली, ती खाली लोखंडी सांगाड्यापर्यंत गेली, तर गाडीला भाव राहत नाही. आणि परत जायला घर नाही. वहिनींनी तर मला फोनवर सांगितलं, “भाऊजी, हे जर सापडलं नाही ना, तर मी मुलीकडे जाऊन राहणार. ह्यांना म्हणावं, तुम्ही फिरा.”

त्यात आधीच्या मालकाने घोटाळा करून ठेवला होता. त्याने दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरलं होतं. सिलिकॉन ही वस्तू कशी आहे, हे मला दादाने समजावलं आणि मी ताबडतोब ओळखलं. ती म्हणजे आमचं सस्पेन्स खातं. जमा-खर्च जुळत नाही, फरक सापडत नाही, की तो तात्पुरता सस्पेन्सला टाकायचा. ताळा बसतो, फरक तसाच राहतो. पुन्हा सिलिकॉनवर दुसरं काही धड चिकटत नाही, त्यामुळे पुढच्याला आधी ते सगळं खरवडून काढावं लागतं. सस्पेन्सचंही तसंच. ज्याने टाकलं त्याची बदली होते. खरवडायला नवा माणूस बसतो.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात की ताळेबंदात फरक जिथे दिसतो तिथे तो नसतो. म्हणून आकड्यालाच विचारायचं. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर कुणीतरी चोपन्नाचे पंचेचाळीस केले असण्याचा संभव. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसते का? दिसली तर ती भलत्याच बाजूला गेली असेल. मी म्हटलं, “दादा, भोक शोधू नकोस. आधी पाण्यालाच विचार, तू केव्हा येतोस?” पाऊस पडल्यावर येतं, की पाऊस नसतानाही? पाऊस नसताना आलं तर ती गळती नव्हेच. थंड भिंतीवर श्वासाचा आणि स्वयंपाकाच्या वाफेचा घाम धरतो, तो असेल. खोली बाहेर असताना येतं, की चालत्या गाडीत खोली आत असताना? चालताना येत असेल तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून येतंय.

दादा इंजिनिअर असल्यामुळे त्याला हे पटायला दोन दिवस लागले. वहिनींना लगेच पटलं. त्यांनी वही घातली. तारीख, पाऊस, खोली आत की बाहेर. आणि एक रकाना पापडाचा. आत वातानुकूलन चालू, हवा कोरडी; तेव्हा जिथे पापड सादळेल तिथे ओल, ह्या हिशेबाने त्यांनी पाच जागी पाच पापड ठेवले.

दरम्यान दादाने शास्त्रोक्त परीक्षा केल्या. डॉलरची नोट रबराखाली दाबून ओढून पाहिली. जिथे नोट अडकून ओढावी लागते तिथे रबर ठीक, जिथे सुळकन येते तिथे सैल. (नोटेचा हा उपयोग मला नवा होता. आमच्याकडे नोट कुठेही दाबली की सुळकन जाते.) नोट सगळीकडे अडकली. मग त्याने बाहेरून नळीने पाणी मारलं, तेही खालून वर. वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही, ह्या न्यायाने आधी खालचा भाग भिजवायचा, काही मिनिटं थांबायचं, आत वहिनींनी टॉर्च घेऊन बघायचं. कोरडं असेल तर तो भाग निर्दोष, मग हातभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यांच्याच अंगावरून जातं आणि चोर कोण ते कळत नाही. खालचा भाग सुटला. बाजू सुटल्या. चारही कोपरे सुटले.

तेवढ्यात तीन दिवस पाऊस लागला, आणि वहिनींचा पापड आधी सादळला तो भलत्याच जागी. गळत होतं मागच्या कोपऱ्यात, जमिनीवर. सादळला पुढच्या टोकाचा, छताला लागून असलेल्या कपाटातला. “हा पापड खोटं बोलतोय,” दादा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, “पापड कशाला खोटं बोलेल? त्याला काय प्रमोशन हवंय?”

मग दादाने शेवटची परीक्षा केली. खिडक्या-झरोके बंद करून एका पंख्याने गाडीत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फासलं. जिथे फट असेल तिथे आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात. पुढच्या बाजूला, अगदी वर, बुडबुडे आले. सरकत्या खोलीला नव्हे. तिच्यावरच्या त्या कापडी छताचा दांडा मूळ भिंतीला ज्या पट्टीने बसवला होता, त्या पट्टीच्या दोन स्क्रूंपाशी. तिथून पाणी भिंतीत शिरत होतं, गाडी मागे किंचित उतरती असल्यामुळे खोलीच्या चौकटीवरून आतल्या आत मागे वाहत होतं आणि कोपरा आला की खाली उतरत होतं. जी वळचण गळती थांबवायला आणली, तिनेच गळती आणली होती. रबर बिचारं निरपराध.

पुढचं काम कष्टाचं, पण सरळ. पट्टी उतरवली, जुनं सिलिकॉन खरवडलं, भिंत आतून पंख्याने दिवसचे दिवस वाळवली. पट्टीखाली ब्यूटिल रबराची चिकट फीत घालून स्क्रू पुन्हा बसवले, वरून छतासाठी असतो तो लांबी-मसाला दिला. कुजलेली फळी कापून हातभर नवी बसवली. वहिनी मुलीकडे गेल्या, पण चार दिवसांसाठी, पाहुण्या म्हणून. पापडांचे पाच पहारेकरी मात्र त्यांनी अजून हलवलेले नाहीत. दर महिन्याला जुने तळून खातात, नवे कामावर रुजू होतात.

मला ह्या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट उमगली. डॉक्टर स्टेबल्सच्या पेटीला सांधे थोडे होते, म्हणून काळजी थोडी होती. मग माणसाला बिछाना हवा झाला, बेसिन हवं झालं, पत्रा हवा, रुंदी हवी, रुंदीला वळचण हवी. दर सुखामागे एक सांधा वाढला आणि दर सांध्याशी पाणी हात जोडून उभं राहिलं. पाण्याला घाई नसते. त्याला निवृत्तीही नसते. ह्यावर कोणी म्हणेल, मग सुखच नको. तसं नाही. दोन-तीन फूट जास्त जागेपायी वहिनी दादाबरोबर अख्खी अमेरिका फिरायला तयार झाल्या, ही काही लहान गोष्ट नव्हे. फक्त सुख घेताना सांधा मोजून घ्यावा, आणि गळायला लागलं तर दिसेल तिथे लांबण लावू नये. पाणी आलं कुठून, हे शांतपणे विचारावं.

आणि ती म्हणही जरा सुधारून घ्यावी. घर फिरलं की वासे फिरतात, हे कबूल. पण पाणी कधी फिरत नाही. ते आपलं सरळ खाली जातं, आणि वाटेत ज्याच्या पापडांचा डबा असेल त्याला तेवढं कळवून जातं.